आधी थांबणं, मग पळणं

या ब्लॉगवर आजवर पुस्तकं, शाळा, गावाकडच्या आठवणी असं बरंच काही येऊन गेलं. मी कधी मोटारगाडीवर लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण 2023 चा उन्हाळा कॅलिफोर्नियात भाच्याकडे काढला. त्याच्या गॅरेजमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याने 1988 सालची माझदा आरएक्स-7 घेतली आहे, टर्बोवाली. अधूनमधून कामावर न्यायची आणि एखाद्या रविवारी हौशी शर्यतीत उतरवायची, हा बेत. बहिणीला हे मुळीच पसंत नव्हतं. निघताना तिने बजावलं, "दादा, तुझं ऐकतो तो. हे खूळ सोड म्हणावं त्याला." म्हणजे तिचं वकीलपत्र घेऊनच मी विमानात बसलो होतो!

या गाडीचं इंजिन मोठं गमतीचं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. इथे पिस्टनच नाहीत. मधे किंचित चेपलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. खेचणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं, सगळं या फिरण्यातच उरकतं. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या दांड्याचे तीन होतात. असे दोन त्रिकोण, मिळून 1308 सीसी. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या छोट्या गाडीएवढंच, पण ताकद 182 अश्वशक्ती!

ही कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. पण चिकाटी जपान्यांची. त्रिकोणाच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या डब्याच्या आतून ओरखडे काढत. माझदाच्या केनिची यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं लढवलं. 1991 मध्ये याच जातीच्या चार त्रिकोणांच्या इंजिनाने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

तर, भाच्याने एक पैसा खर्च करण्याआधी इंजिनाची दाबचाचणी केली. दोन त्रिकोण, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. सहाही जवळपास सारखे आले तेव्हा पोरगा दहावीचा निकाल लागल्यासारखा नाचला. मग त्याने कामांची यादी लिहून भिंतीवर लावली. मला वाटलं, पहिलं काम ताकद वाढवण्याचं असेल. पाहतो तर ते सगळ्यात शेवटी!

पहिलं काम पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलणं. पस्तीस वर्षांचं रबर तडकतं, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की आग. दुसरं, थंड ठेवणं. या इंजिनात पेट घेणारी जागा कायम एकच, त्यामुळे एक बाजू सतत भाजते आणि दुसरी त्या मानाने गार राहते. लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या चकत्या एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या, मधे रबराची सीलं. एकदा नीट तापलं की ती सीलं जातात, पाणी आत शिरतं आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. म्हणून मोठा रेडिएटर, नवे होज आणि तापमानाचा वेगळा काटा.

मी विचारलं, "अरे, आधी तो सायलेन्सर मोकळा का नाही करत? स्वस्तात ताकद वाढते म्हणतात."

"मामा, तिथेच तर माणसं फसतात," तो म्हणाला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. धुराची वाट मोकळी केली की पंखा आणखी जोरात फिरतो. त्याला आवरणारी झडप या गाडीत लहान, तिला ते झेपत नाही. हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण भलत्या वेळी पेटतं आणि टोकाची पट्टी तुटते. तुटका तुकडा बाहेर पडताना टर्बोही घेऊन जातो. म्हणून आधी पेट्रोलपंप, इंजेक्टर आणि संगणक, मगच वाट मोकळी. शिवाय कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी धुराची तपासणी असते, तीही पास व्हायची.

ऐकताना मला आमच्या काळचं 'डबल प्रमोशन' आठवलं. हुशार पोराला एकदम दोन इयत्ता वर ढकलायचे. ज्याचा पाया पक्का तो तरायचा. बाकीचे बीजगणितात आपटायचे.

ब्रेकची गोष्ट मला सगळ्यात पटली. शर्यतीचे ब्रेकपॅड तापल्यावरच नीट धरतात. सकाळी गार गाडी घेऊन निघालात आणि समोर शाळेची पोरं आली, तर तेच पॅड दगा देतील. त्यामुळे त्याच्याकडे दोन जोड. शर्यतीच्या आदल्या रात्री एक काढायचा, दुसरा घालायचा. दोन्हीकडे चालणारी गाडी करायची, तर दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं.

एका रविवारी शर्यतही पाहिली. मोठं मोकळं पार्किंग, त्यात नारिंगी शंकू मांडलेले. एका वेळी मार्गावर एकच गाडी, चालकाला हेल्मेट सक्तीचं, जेमतेम मिनिटभराचा खेळ. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. भाच्याने दोन पाडले. माझ्या मनातल्या शर्यतीपेक्षा हे फारच शिस्तीचं निघालं.

रात्री बहिणीला फोन केला. म्हटलं, "अगं, तो ताकद वाढवायच्या आधी ब्रेक सुधारतोय."

"म्हणजे पळवणार आहेच ना!" ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आईची काळजी काही ब्रेकपॅडने थांबत नाही. पण वकीलपत्र मात्र मी तिला परत केलं. परवा भाच्याने भिंतीवरच्या यादीचा फोटो पाठवला. शेवटचं काम सोडून सगळ्यांवर बरोबरची खूण आहे. त्या शेवटच्या कामापुढे त्याने मराठीत लिहिलंय, "घाई नाही."

अक्षर अजून तसंच वाईट आहे. असो.