गोल्ड बेसिन : सोन्याच्या माळावर आभाळाचे दगड

लास व्हेगासहून निघालं की हूव्हर धरणाजवळच्या उंच पुलावरून गाडी कोलोराडो नदी ओलांडते आणि ॲरिझोना राज्यात शिरते. पुढे महामार्ग क्रमांक 93 सोडून डावीकडे वळणारे बहुतेक प्रवासी ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम काठाकडे निघालेले असतात. आम्ही त्याच्या बरंच अलीकडे, व्हाइट हिल्सच्या टेकड्यांपाशी कच्च्या रस्त्याला लागलो. भाचा गाडी चालवत होता. सोबतीला त्याच्या ओळखीचे एक निवृत्त खाणकामगार होते. वय सत्तरीच्या पुढचं, पण चालण्यात ते आम्हा दोघांना भारी. या मुलखाचं नाव गोल्ड बेसिन. जुन्या काळी इथे सोन्यासाठी खाणी खणल्या गेल्या. आम्हाला मात्र सोनं नको होतं. आम्ही आलो होतो अशनी शोधायला.

मी बुलडाणा जिल्ह्यातला. लोणारचं विवर लहानपणापासून पाहत आलो. काळ्या बेसॉल्टमध्ये आभाळातून आलेल्या एका धडकेनं जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. पण ज्या अशनीनं तो पाडला, त्याचा खात्रीनं दाखवता येईल असा एकही तुकडा तिथे मिळालेला नाही. खड्डा आहे, दगड नाही. गोल्ड बेसिनमध्ये नेमकं उलट आहे. इथे विवर नाही, पण दगड हजारोंनी सापडले आहेत. म्हणूनच हा माळ मला पाहायचा होता.

1995 साली जिम क्रीग नावाचे ॲरिझोना विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक इथे मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याचे कण शोधत होते. ते स्थापत्य अभियांत्रिकीचे माणूस. डिटेक्टर वाजला, पण हाती सोनं न येता तपकिरी, गंजकट, वजनदार दगड आले. दुसऱ्या कुणी ते भिरकावून दिले असते. क्रीग यांनी ते विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना दाखवले. दगड अशनी निघाले. मग क्रीग आणि त्यांचे साथीदार जॉन ब्लेनर्ट व इंग्रिड मॉनराड यांनी माळ पिंजून काढला. प्रत्येक तुकडा कुठे मिळाला आणि त्याचं वजन किती, याची ते नोंद ठेवत गेले. डेव्हिड क्रिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्या नोंदींतूनच कळलं की हे सुटे दगड नसून एकाच अशनीवर्षावाचे अवशेष आहेत. काही मीटर व्यासाचा एक खडक वातावरणात फुटला आणि त्याचे तुकडे शेकडो चौरस किलोमीटरवर विखुरले. ही गोष्ट सुमारे 15,000 वर्षांपूर्वीची.

हा काळ ठरवण्याची रीत मोठी सुंदर आहे. अवकाशात फिरणाऱ्या खडकावर विश्वकिरणांचा मारा होतो आणि त्यात कार्बन-14 तयार होत राहतो. खडक जमिनीवर पडला की वातावरण त्याचं रक्षण करतं, नवा कार्बन-14 बनणं जवळजवळ थांबतं आणि जुना ठरावीक वेगानं घटत जातो. किती उरला ते मोजलं की दगड कधी पडला ते कळतं. गोल्ड बेसिनचे दगड पडले तेव्हा हिमयुग सरत होतं. हा भाग आजच्याइतका कोरडा नव्हता, आणि जवळच्या रॅम्पार्ट गुहेत महाकाय स्लॉथ वावरत होते. त्यांची वाळलेली विष्ठा त्या गुहेत थरच्या थर साचलेली सापडली. ते प्राणी नामशेष झाले, दगड मात्र मातीत तसेच राहिले.

जोशुआ वृक्षांच्या आणि क्रिओसोटच्या झुडपांच्या मधून आम्ही चालू लागलो. त्याआधी म्हाताऱ्यांनी नकाशा उलगडून बजावलं, ‘‘लेक मीडचं राष्ट्रीय क्षेत्र इथून जवळ आहे. तिकडे डिटेक्टर न्यायचाच नाही. आणि कुणाच्या खाणहक्काचे खांब दिसले की मागे फिरायचं.’’ उरलेल्या सरकारी जमिनीवर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा नियम चालतो : हौशी माणसानं वर्षाला 10 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार किलो अशनी गोळा करावेत, आणि ते विकू नयेत.

डिटेक्टरच्या गोल कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असेल तर त्यात वीजप्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइल ते टिपते. दागिने किंवा नाणी शोधणारे लोक यंत्राला लोखंड वगळायला सांगतात, म्हणजे खिळ्या-पत्र्यांचा त्रास होत नाही. अशनी शोधणाऱ्याला ती सोय घेता येत नाही, कारण त्याला हवं असतं तेच लोखंड, निकेल मिसळलेलं. गोल्ड बेसिनचा दगड एल4 वर्गातला कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी अशनी, आहे. त्यात धातूचं प्रमाण थोडंच, त्यामुळे आवाजही मऊ येतो. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स करायचं, म्हणजे तिथल्या मातीतल्या लोहखनिजांचा आवाज यंत्राला ओळखून गप्प करायला लावायचं. मग कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, एकावर एक पट्टे येतील अशी फिरवायची.

सकाळभर मिळाल्या बंदुकीच्या पुंगळ्या, खिळे, गंजलेल्या डब्यांचे पत्रे आणि काही काळे ‘हॉट रॉक’, म्हणजे यंत्राला फसवणारे इथलेच लोहयुक्त दगड. उन्हं कलायला लागली तेव्हा एका उथळ ओहोळाच्या काठावर भाच्यानं मला हाक मारली. ‘‘मामा, हेडफोन लावून बघा.’’ आवाज मंद होता, पण कॉइल आडवी नेली तरी तिथेच, उभी नेली तरी तिथेच. म्हाताऱ्यांनी बुटाच्या टोकानं वरची वाळू सरकवली आणि पुन्हा ऐकायला सांगितलं. आवाज वाळूबरोबर सरकला. मूठ-मूठ माती कॉइलवरून नेत गेलो आणि शेवटी तळहातावर सुपारीएवढा एक दगड उरला.

मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. रंग गडद तपकिरी, कडा झिजून गोल झालेल्या, एका बाजूला मातीतल्या चुन्याचा पांढुरका थर. एकही छिद्र नव्हतं. ज्वालामुखीच्या खडकात बुडबुड्यांची भोकं असतात, अशनीत ती सहसा नसतात. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. भिंगाखाली तिथे धातूचे बारीक चकाकणारे ठिपके आणि त्यांच्यामध्ये राखाडी गोल दाणे दिसले. हे दाणे म्हणजे कॉन्ड्रूल. सूर्यमाला घडत असताना, सुमारे 456 कोटी वर्षांपूर्वी, वितळलेल्या खडकाचे थेंब अवकाशात गोठून ते झाले. पृथ्वीवरचा कोणताही खडक इतका जुना नाही.

माझ्या खिशात एक लोहचुंबक होता. तो काढताच म्हाताऱ्यांनी माझा हात धरला. ‘‘चुंबक लावू नका. या दगडात त्याच्या जन्मकाळच्या चुंबकीय क्षेत्राची खूण असू शकते. जोरदार चुंबक ती पुसून टाकतो.’’ मग त्यांनी दगड होता तिथेच ठेवला, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश वहीत लिहिले, खोली लिहिली आणि नंतरच तो कोऱ्या पिशवीत घातला. खड्डाही बुजवला. कुठे सापडला ते लिहून न ठेवलेला अशनी शास्त्रज्ञाच्या निम्माही कामाचा राहत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पुरतं पटलं. क्रीग यांनी हा माळ जगाला दिला तो डिटेक्टरच्या जोरावर जितका, तितकाच वहीच्या जोरावर.

आपल्याकडेही आभाळातून दगड पडतात. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनी कोसळले. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात, ते विपुल आहे, पण तिथवर पोहोचून नमुना आणणं कुणाला शक्य नाही. काटोलच्या मातीतून उचललेल्या दगडानं ते अभ्यासकांच्या हाती दिलं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या शेतात, अंगणात किंवा छपरावर आभाळातून दगड पडला, तर तो धुऊ नका, फोडून वाटून घेऊ नका, चुंबक लावू नका आणि शेंदूर फासून पुजायलाही ठेवू नका. जागचा फोटो काढा, दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा, दगड स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.