पंपेच्या वाळवंटात

पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस रात्री उशिरा पुण्याहून सुटते. सोलापूर झोपेतच जातं. मग दिवसभर खिडकीबाहेर गुंटकल, रेणिगुंट्याकडचा तापलेला माळ. दुसरी रात्र सरून डोळे उघडावेत, तर रुळांच्या दोन्ही अंगांना पाणी, केळी आणि नारळ. फेब्रुवारीतही हिरवं कसं असतं एखादं गाव, असं आम्हा नगरकडच्या माणसांना पहिल्यांदा वाटतंच.

आम्ही चौघं होतो. एक मित्र मूळचा केरळातल्या कोझेंचेरीजवळचा, पुण्यात वाढलेला. एक मैत्रीण वसईची, लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात गाणारी. तिसरा ख्रिस्ती नव्हे, पण भजन कुठलंही असो, टाळ धरायला तयार. आणि मी. निघालो होतो कोझेंचेरीजवळच्याच मारामणला. पंपा नदीच्या कोरड्या पात्रात मार थोमा चर्चचा मेळावा 1895 सालापासून भरतो आहे. रविवार ते रविवार आठ दिवस चालतो. आशियातल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती मेळाव्यांत त्याची गणना होते. प्रवचनं तिथे दिवसभर होतात, पण आम्हाला ओढ होती ती गाण्याची.

गाडीतच तयारी सुरू झाली. मित्राने एका वहीत मलयाळी गीतं देवनागरीत उतरवून आणली होती. तो एक ओळ म्हणे, वसईकरीण चाल उचले, आम्ही दोघं मागून. समोरच्या बाकावर सुट्टीवर घरी निघालेली एक नर्स होती. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं, मग न राहवून आमचा एक उच्चार सुधारला आणि पुढचं कडवं स्वतःच सुरू केलं. रेणिगुंटा येईपर्यंत आम्ही पाच जण झालो होतो.

त्या वहीत दोन तऱ्हेच्या चाली होत्या. काही थेट कर्नाटकी रागांतल्या, काही पाश्चात्त्य स्तोत्रांच्या. मोशवत्सलम यांच्यासारखे एकोणिसाव्या शतकातले कवी शास्त्रीय चालींवर मलयाळी भक्तिगीतं रचत होते. मला हे ऐकताना घरच्यासारखं वाटलं. आमच्या 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकातही परदेशी चालींच्या शेजारी अभंग आणि पदं नांदतात. नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करायचे आणि नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचल्याचं सांगायचे. भक्ती आपल्या मातीतल्या सुरात झाली की ती उसनी राहत नाही, हे मी आजीच्या मांडीवर शिकले. तेच केरळात माझ्याआधी कितीतरी जणांना उमगलेलं होतं.

चेंगन्नूरला उतरून बसने निघालो. वाटेत आरन्मुळा लागतं, धातूच्या आरशांचं आणि सर्पनौकांचं गाव. मित्राच्या आईने, अम्मच्चींनी, दारातच विचारलं, "मोळे, कळिच्चो?" जेवलीस का, बाळ? उत्तराची वाट न पाहता उकडलेला कप्पा कंद आणि कुडमपुळीच्या आंबटातली माशाची आमटी पानात पडली. जेवताना त्या फिलिपोस मार क्रिसोस्तोम यांच्या आठवणी सांगत राहिल्या. हे बिशप 2021 साली 103 वर्षांचे होऊन गेले. त्यांचं प्रवचन ऐकायला लोक यायचे ते हसायलाही. अम्मच्चींना त्यांचे विनोद पाठ होते आणि सांगताना डोळे भरून येत होते.

सकाळी नदीकडे. वाळूवर झावळ्यांनी शाकारलेला भलाथोरला मांडव, जमिनीवर अंथरूण नाही, माणसं सरळ वाळूत बसलेली. पाण्याचा उरलेला प्रवाह ओलांडायला तात्पुरते पूल. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी वेगळा लहान मांडव. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशीला बसलेल्यांना ही बैठक चटकन ओळखू यावी. पंपा शबरीमलैच्या पायथ्यावरून वाहत येते. मारामणच्या वरच्या अंगाला, चेरुकोलपुळ्याला, याच नदीच्या वाळूवर 1913 पासून हिंदू धर्मपरिषद भरते, तीही याच सुमारास. एकाच पात्रात दोन मांडव, आणि अम्मच्चींच्या शेजारणी दोन्हीकडे जातात. मला या प्रदेशाबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीमुळे वाटतो.

मग गाणं सुरू झालं. व्यासपीठाजवळ गायकवृंद होता, व्हायोलिन होतं, पण त्यांचं काम फक्त पहिली ओळ देण्याचं. दुसऱ्या ओळीला मांडव उठला. माझ्या डाव्या हाताला पांढऱ्या साडीतली एक आजी, उजवीकडे कॉलेजातली मुलगी. दोघींच्या हातात गाण्यांची छापील पुस्तिका, पण दोघींपैकी एकीनेही ती उघडली नाही. मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा किंचित उशिरा गात होत्या, एवढं अंतर होतं. त्यामुळे प्रत्येक ओळ पुढून मागे सरकत जायची आणि शेवटचा सूर नदीच्या कडेला पोचेपर्यंत पुढे नवी ओळ सुरू झालेली असायची. छप्पर झावळ्यांचं, बाजू उघड्या, म्हणून आवाज घुमत नव्हता. तो मोकळा निघून जात होता आणि लोक पुन्हा नवा देत होते. मी वहीतलं वाचून गात होते. तिसऱ्या कडव्याला माझा आवाज मलाच ऐकू येईना. इतकं सुख मला गाताना क्वचित मिळालं आहे.

मोठ्या शहरांत आता उघड्या मैदानांवर उपासनेच्या मैफली होतात. दिवे, धूर, भले मोठे पडदे. तरुण मुलं तिथे मनापासून येतात, त्यांची भक्ती मी खोटी मानत नाही. पण ध्वनिवर्धक इतका मोठा असतो की शेजारचा गातो आहे की नुसता ऐकतो आहे, हे कळत नाही. शेजारी गातो आहे हे कळणं, माझ्या मते, सामुदायिक उपासनेत फार महत्त्वाचं आहे. मारामणला ते प्रत्येक ओळीला कळतं.

या मेळाव्याला एक जुनी खोट होती. रात्रीच्या सभेला बायकांना येऊ देत नसत. बायकांनी त्यावर आवाज उठवला, वाद झाला, आणि पुढे ती सभा लवकर, उजेडी घ्यायला सुरुवात झाली. आम्ही दोघी संध्याकाळी वाळूत बसून गायलो, तेव्हा भांडलेल्या त्या अनोळखी बायांचे मी मनात आभार मानले.

त्याआधी, दुपारच्या सुट्टीत, शेजारच्या आजींनी आमची वही पाहिली. मित्रामार्फत विचारलं, तुमच्याकडे काय गातात? वसईकरणीने टिळकांचा एक अभंग धरला, तिसऱ्याने मांडीवर ठेका दिला, आणि आजींनी दुसऱ्या आवर्तनात तो ठेका अचूक उचलला. भोवती दहा-पंधरा बायका जमल्या. हे कोण कवी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ब्राह्मण घरातले, मराठीतले मोठे कवी, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. साल ऐकताच आजी थांबल्या. मित्राकडून त्यांनी ते पुन्हा वदवून घेतलं. इथली पहिली सभा त्याच वर्षी मार्चमध्ये भरली होती! मग मागच्या रांगेकडे वळून, हात उंचावून, त्यांनी ही बातमी मोठ्याने सगळ्यांना सांगितली आणि आम्हाला म्हणाल्या, अजून एक गा.