तीन दिवस उशिरा येणारा आकडा

मैलापाणी प्रक्रिया केंद्र पाहायला येणारा माणूस जाता जाता हमखास विचारतो, ‘‘नदीत सोडता त्या पाण्याचा बीओडी किती?’’ आकडा मी सांगतो, पण तो शिळा असतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू; आपल्याकडे त्याची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. नमुना बाटलीत बंद करायचा आणि त्यातल्या जिवाणूंनी तेवढ्या वेळात किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचं. तोवर ते पाणी पंचगंगेतून खालच्या गावांकडे निघून गेलेलं असतं. त्यामुळे आज काय करायचं हे आम्ही ठरवतो ते नाकाने आणि डोळ्यांनी.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या केंद्राची क्षमता ७६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर. जयंती नाल्याचं पाणी अडवून पंपाने इथे आणलं जातं. जाळ्यांवर चिंध्या, केस, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या अडकतात. रविवारी दुपारनंतर तेलाचा तवंग जरा जाडच दिसतो. तांबड्या रश्श्याच्या गावात दुसरं काय होणार?

खरं काम हवेच्या टाकीत चालतं, आणि ते आम्ही करत नाही, जिवाणू करतात. घाण हे त्यांचं अन्न. ब्लोअरने हवा द्यायची, लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहील हे पाहायचं, आणि निवळून बसलेला थोडा गाळ विरजणासारखा पुन्हा टाकीत सोडायचा. गाळ चॉकलेटी असला आणि त्याला ओल्या मातीचा वास आला, की मी निवांत चहा पितो. काळपट पडून कुजक्या अंड्याचा वास सुटला, तर हवा कुठेतरी कमी पडते आहे. पांढरा, उसळणारा फेस बहुधा गाळ कोवळा असल्याचं सांगतो. तपकिरी, चिवट साय धरली, तर गाळ म्हातारा झालाय, काढायला हवा.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त विश्वास एका लिटरच्या काचेच्या नळकांड्यावर आहे. टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळ घट्ट खाली बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, तर दिवस बरा. अर्ध्या तासानंतरही तो कापसासारखा वरच तरंगत राहिला, तर तंतूसारखे जिवाणू माजलेत. मग हवा, गाळ, येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, एकेक तपासत बसायचं. नव्या पोरांना पडद्यावरचे आकडे जास्त खरे वाटतात. त्यांना मी आधी नळकांड्यापुढे बसवतो.

एवढी उठाठेव कशासाठी? आम्ही टाकीत जी घाण जिवाणूंना खाऊ घालतो, ती तशीच नदीत गेली तर नदीतले जिवाणू तीच खातात, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू माशांच्या वाट्यातून घेतात. उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो. पंचगंगेत मेलेल्या माशांच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच दिवसांत. शिवाय मैल्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस जलपर्णीला खत म्हणून मिळतो, ते वेगळंच.

पण केंद्र कितीही चोख चालवलं, तरी इथवर पोचलेलं पाणीच आम्ही शुद्ध करू शकतो. वीज गेली, पंप बंद पडला किंवा वळवाची एक जोरदार सर आली, की नाला बंधाऱ्यावरून थेट नदीत जातो. त्या पाण्याचा बीओडी आमच्या वहीत येत नाही. म्हणून माझ्या मते शहराने आपल्या प्रक्रिया केंद्राइतकंच नाल्यावरच्या उपसा केंद्राकडे लक्ष दिलं पाहिजे. कोणी मोठ्या टाक्यांचं कौतुक करायला लागलं, की मी विचारतो, नाल्यावरच्या पंपांना जनरेटर आहे का, आणि त्यात डिझेल आहे का?

पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथवर काठाने वस्ती आहे, आणि आपण सोडलेलं पाणी त्या वस्तीच्या वाट्याला जातं. तेव्हा तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, आणि तुमच्या गावचा नाला कुठे जातो ते एकदा स्वतः चालत जाऊन पाहा.