देव नाही म्हणता, मग मुंजा कुठला?

गावात मला सगळे नास्तिक म्हणतात. देवळात जात नाही, नवस बोलत नाही. पण खरं सांगतो, रात्री पिकाला पाणी द्यायला निघालो की विहिरीवरचा पिंपळ टाळून लांबच्या बांधाने जायचो. त्या पिंपळावर मुंजा आहे, असं आजी सांगायची.

देव न मानता भूत मानणं तसं नवं नाही. जैन धर्म जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, तरी त्याच्या ग्रंथांत व्यंतर देवांमध्ये भूत-पिशाच येतात. चार्वाकाला मात्र हे जमलं नसतं. देहाबरोबर सारं संपतं, तर मुंजा उरेल कुठून? मी बोलायचो चार्वाकाचं आणि वाट धरायचो आजीची.

एका पावसाळ्यात सुनेला थंडीताप भरला, ती बरळू लागली. घरात सगळे म्हणाले, बाहेरचं लागलं. मी गप्प बसलो. रात्र उतारा टाकण्यात गेली. सकाळी दवाखान्यात रक्त तपासलं, हिवताप निघाला. पोर वाचली, पण मला मान वर करवेना.

भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं, साप चावल्यावर उपचार रोखून मंत्र घालणं, हे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हे आहेत. पण घरातल्या कर्त्या माणसाने गप्प बसून घालवलेल्या रात्रीचं काय?

आता मी पिंपळाखालूनच जातो. छाती अजून धडधडते, पाय मात्र थांबत नाहीत. तुमच्या घरी कुणी तापाने बरळलं, तर आधी गाडी जुंपा. भुताचा वाद मागून घालू.