वाफसा येईपर्यंत

मिनेसोटाच्या दक्षिण भागात घराचा पाया निदान साडेतीन फूट खोल घ्यावा लागतो, उत्तरेत पाच फूट. जमीन तितकी खोल गोठू शकते, असं धरूनच बांधकामाचा नियम केलेला आहे. मार्चअखेर ऊन लागलं की ही जमीन वरून सुटायला लागते. खाली मात्र ती गोठलेलीच असते, त्यामुळे वितळलेल्या पाण्याला मुरायला वाट नसते. वर राड, खाली दगड. शिवाय गोठण्या-वितळण्याच्या या खेळात पोटातले गोटे वर ढकलले जातात. गेल्या साली वेचून स्वच्छ केलेल्या वाफ्यात या साली पुन्हा पाटीभर गोटे. माझ्या परसातलं पहिलं पीक तेच.

मिनीआपोलिसजवळच्या या परसात मी बरीच वर्षं भाजी लावते आहे. थंड मुलखात वसंतातलं बागकाम मनाला निवांत करतं असं सगळे सांगतात. ते खरंही आहे, पण त्याची जी कारणं सांगतात ती मला पटत नाहीत. फुलांचे रंग, पाखरं, मातीचा वास वगैरे. मातीतल्या एका जिवाणूनं चित्त प्रसन्न होतं, हेही कोणीतरी ऐकवतंच. ते प्रयोग उंदरांवर झालेत, आणि उंदरांना डिसेंबरातल्या पावणेनऊ तासांच्या दिवसात ऑफिस गाठायचं नसतं. माझ्यापुरतं कारण साधं आहे. एप्रिल-मेमध्ये या बागेत माझ्या घाईला कोणी विचारत नाही. बाकी सगळीकडे विचारतात. कामावर तर घाईचाच पगार मिळतो.

इथे तारखेवर विसंबता येत नाही. 2018 साली एप्रिलच्या मध्यावर शहरात सव्वा फुटाहून जास्त बर्फ पडला होता, आणि मिनेटोंका तळ्यावरचा बर्फ सुटायला मेची पाच तारीख उजाडली. 2024 मध्ये तेच तळं 13 मार्चला मोकळं झालं. मग कॅलेंडर कशाला बघायचं? मातीलाच विचारायचं. चार बोटं खोल थर्मामीटर खुपसायचा आणि मूठभर माती दाबून बघायची. गोळा चकाकला, बोटांत पाणी सुटलं, तर खुरपं परत जागेवर. अशा ओल्या मातीत हात घातला की तिची ढेकळं होतात आणि उन्हाळाभर ती तशीच राहतात. गोळा बोटानं टोचल्यावर भुसभुशीत फुटला की वाफसा आला. तिकडे सातारा जिल्ह्यात आमचे आबा पहिल्या पावसानंतर हेच करतात. तिथे ओल वरून येते, इथे जमिनीच्या पोटातून.

माती पाच-सात अंशांवर आली की वाटाणा, पालक, मेथी, कोथिंबीर पेरायची. वाटाण्याला मागाहून पडलेल्या बर्फाचंही काही वाटत नाही. मेथी-कोथिंबीर या गारव्यात अशी येते की पुण्याच्या मंडईत मिरवावी. जूनचं ऊन लागलं की कोथिंबीर फुलावर जाते, तेवढ्यात खाऊन घ्यायची. टोमॅटो-मिरचीला मात्र निदान पंधरा-सोळा अंश हवेत, म्हणजे मेचा उत्तरार्ध. तोवर आई फोनवर विचारत राहते, "अगं, अजून लावलंच नाहीस? इकडे आंबे संपत आले!" मागून आबांचा आवाज येतो, "जमीन गार असंल तर राहू दे, रोप रुसून बसतं." आबांनी बर्फ कधी पाहिला नाही.

टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांची रोपं तळघरात दिव्याखाली वाढतात. मिरची मार्चच्या सुरुवातीला पेरलेली, टोमॅटो अखेरीस. दोन पानांवर आल्यावर खरी कामं सुरू होतात. पाणी जास्त झालं तर रोपं बुडाशी सडून कोलमडतात, म्हणून ट्रेमध्ये खालून पाणी द्यायचं आणि छोटा पंखा लावून ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. वाऱ्यात हलल्यासारखं झालं की रोप उंचीचा हव्यास सोडून बुंधा जाड करतं. ही बागायतदारांची समजूत नव्हे, वनस्पतिशास्त्रानं तपासलेली गोष्ट आहे. तळहाताला टोमॅटोच्या पानांचा हिरवा, उग्र वास लागतो आणि कामावर जाईपर्यंत राहतो.

पण मला सगळ्यात प्रिय आहे तो मेमधला हार्डनिंगचा आठवडा. रोपं काटक करायची, म्हणजे घरातून बाहेर राहायची सवय लावायची. दिव्याखाली वाढलेलं पान पातळ असतं. त्यानं ऊन असं पाहिलेलंच नसतं. एकदम उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत त्यावर कागदासारखे पांढरे डाग पडतात. म्हणून पहिल्या दिवशी उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, वारा लागणार नाही असा तासभर मुक्काम. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडा वारा. दिवस कलला की ट्रे उचलून आत. दहा अंशांखाली जाणारी रात्र त्यांना बाहेर काढू द्यायची नाही. दिवसातून दोनदा त्याच पायऱ्या, तेच ट्रे, आणि मध्ये काहीही करायचं नाही. तीन-चार दिवसांत खोडावर जांभळी झाक येते, पान गडद आणि जाडसर होतं, खोडावरची लव हाताला कळते. हा बदल मी घडवत नाही. मी फक्त ट्रेची ने-आण करते. या आठवड्यात मला फार चांगली झोप लागते.

सगळ्यात शेवटी कढीपत्त्याची कुंडी बाहेर येते. हिवाळाभर खिडकीत अर्धी पानं गाळून ती आमच्यावर उपकार करत असते.

जास्तीची रोपं ओळखीच्या मराठी घरांत जातात. झेंडूला सगळ्यात जास्त मागणी. ऑक्टोबरच्या थंडीनं पाला काळा केला नाही तर दसऱ्याचं तोरण घरचं होतं. पण कुंडीत बागेची माती घालून द्यायची सोय आता राहिलेली नाही, विकतचंच मिश्रण वापरावं लागतं. कारण गांडूळ! आपल्याकडे तो शेतकऱ्याचा मित्र. इथे हिमनद्यांनी जमीन खरवडून काढल्यानंतर मिनेसोटात देशी गांडूळ उरलंच नाही, जे आहे ते सगळं बाहेरून आलेलं. त्यातलं आशियातलं उड्या मारणारं गांडूळ वरच्या थराचा कॉफीच्या चोथ्यासारखा रवाळ भुगा करून टाकतं आणि कुंडीतल्या मातीबरोबर घरोघर पोचतं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्याकडचं सगळंच उलटं."

एक काम न करण्याचंही असतं. शेजारीपाजारी एप्रिलमध्येच दांडे कापून, पाला झाडून परस लखलखीत करतात. मी दिवसाची हवा सलग दहा अंशांवर राहीपर्यंत हात लावत नाही, कारण पोकळ दांड्यांत देशी मधमाश्या हिवाळा काढतात. परस गबाळं दिसतं. दिसू दे.

मेअखेर एका ढगाळ संध्याकाळी टोमॅटो खोल लावून होतात. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पुढच्या आठवड्यात डास येतात, सशांना वाटाण्याच्या कोंबांचा सुगावा लागतो, आणि मी दिवसातून चारदा बाहेर धावते.