नदीला फुगायला जागा

चिखलीत इंद्रायणीकाठी १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने ३६ बंगले पाडले. निळ्या पूररेषेच्या आत होते ते. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर चढतो, त्या पट्ट्यात. ते पाडण्याचा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. आदेश मला पटतो, आणि तरीही त्या काठाने जाताना जीव कासावीस होतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून संध्याकाळी परतावं आणि दारात नदी असावी, ही इच्छा काही वाईट नाही.

नाना फडणविसांनाही ती झालीच होती. वाईजवळ मेणवलीला त्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेकाठी वाडा बांधला. पुण्याच्या राजकारणापासून लांब, निवांत. बाहेरून नुसत्या उंच भिंती. घराचा सगळा जीव आतल्या सहा चौकांत. ओसरीवर लाकडी खांबाला टेकून बसावं आणि वर चौकाएवढं आभाळ पाहावं. नदी भेटते ती मागच्या अंगाला, आणि तीही थेट नाही. मध्ये काळ्या दगडाचा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. पावसाळ्यात कृष्णा पायऱ्या चढते, पाऊस सरला की उतरते. तिला फुगायला जागा राखून मगच वाड्याचं जोतं घातलेलं. त्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली एक घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. इतक्या वर्षांत तीही मेणवलीचीच झाली आहे, असं मला तिच्याकडे पाहताना वाटतं.

इतक्या लांब कशाला, आपल्या चिंचवडला मोरया गोसावींची समाधी पवनेच्या अगदी काठावर आहे. पवना फुगली की पाणी देवळात शिरतं, ओसरलं की भाविक पुन्हा दर्शनाला येतात. मंगलमूर्तींचा वाडा मात्र आत, गावात.

चिखली १९९७ साली महापालिकेत आली. तुकोबांच्या टाळकऱ्यांमुळे टाळगाव म्हणवणारं हे गाव देहू आणि आळंदीच्या मध्ये, त्याच इंद्रायणीवर. बंगले गेले त्या पट्टीवर पुन्हा भिंत उठू नये. तिथे दगडी घाट व्हावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ज्यांची घरं गेली त्यांना वरच्या अंगाला, रेषेबाहेर घरं मिळोत, आणि नदीपाशी बसायचा त्यांचा हक्क त्या पायऱ्यांवर राहो.