पुस्तिका छापण्यापूर्वी

समाजात एखादी पुस्तिका काढावयाची ठरली, की पहिला प्रश्न येतो, "खर्च किती?" आणि दुसरा, "हाती केव्हा मिळेल?" ती कशी छापावयाची, हे क्वचितच कोणी विचारतो. म्हणून याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हास वाटले.

जुनी पद्धत खिळ्यांची. उठावाच्या अक्षरांना शाई लावून त्यांवर कागद दाबावयाचा. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. आपल्या बाळबोध लिपीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. दुसरी पद्धत शिळाछापाची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गोष्टीवर ती आधारलेली आहे. आलोइस झेनेफेल्डर यांनी ती 1796 च्या सुमारास बव्हेरियात शोधून काढली. हाताने लिहिलेले अक्षर तीत जसेच्या तसे उमटते. त्यामुळे खिळ्यांवाचून अडत नाही. 1846 साली मुंबईत आपल्या लोकांसाठी मराठी भाषांतरासह निघालेले हगादाचे पुस्तक शिळाछापाचेच होते. 1874 साली पुण्यास निघालेल्या हगादात तर लुगडी नेसून मत्सा करणाऱ्या आपल्या स्त्रियांची चित्रे आहेत!

आजचे ऑफसेट म्हणजे शिळाछापाचेच नातवंड. दगडाच्या जागी अल्युमिनियमचा पातळ पत्रा आला. त्यावरील प्रतिमा आधी रबरावर व मग कागदावर उतरते. पत्रे बनविण्याचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती जितक्या अधिक, तितकी एकेक प्रत स्वस्त. डिजिटल छपाईस पत्रा लागत नाही. पन्नास-शंभर प्रतींना तीच परवडते.

आमच्या आत्याबाईंच्या स्मरणार्थ आम्ही भावंडांनी मराठी व हिब्रू अशी पुस्तिका काढली. मांडणी नातवाने केली. त्यास मराठी वाचता येत नाही. येथेच खरी अडचण उभी राहिली. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. दोन्ही बाजूंनी सुरू होऊन मध्ये मिळणारी पुस्तिका करता आली असती. पण मग आजी एका टोकाला आणि नातवंड दुसऱ्या टोकाला! म्हणून आम्ही समोरासमोर पाने घेतली. पुस्तिका उजवीकडून उघडते, एका पानावर हिब्रू, समोर तोच मजकूर मराठीत. दोघांनी शेजारी बसून वाचावे, हा हेतू.

छापखान्यातून नमुना आला, तो पाहून आम्ही थक्क झालो. 'किहीम' या गावाची ऱ्हस्व वेलांटी 'क' च्या पुढे जाऊन बसली होती आणि 'इस्राएल' मधला 'स्र' फुटून पाय मोडलेला 'स्' व पूर्ण 'र' असे वेगळे पडले होते. छापणाऱ्यास मराठी येत नसल्याने त्यास ते दिसणे शक्य नव्हते. त्यांच्या संगणकावर देवनागरीची जुळणी नीट होत नव्हती. नातवाने फॉन्टसह पक्की पीडीएफ करून दिली, तेव्हा अक्षरे जागेवर आली.

रंगाचेही तसेच. पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात. कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांचे. आत्याबाईंचे हिरवे लुगडे पडद्यावर झळकत होते, छापल्यावर जरा मंदावले. नमुना आधीच पाहिल्यामुळे ते थोडे सुधारता आले.

वाचकहो, यावरून एवढेच सांगावयाचे. बारीक मजकूर एकट्या काळ्या शाईत छापावा. चार शायांत तो किंचित सरकला तरी अक्षर धूसर होते. वृद्धांसाठी अक्षर मोठे आणि कागद चकाकी नसलेला घ्यावा. टाचलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावीत. आणि छपाईस होकार देण्यापूर्वी कागदावरचा नमुना मराठी जाणणाऱ्या माणसाने बोट ठेवून वाचावा.

या देशात मराठी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. पुढे चुकलेली वेलांटी ओळखणारेही कोणी उरणार नाही. छापले गेले तेच खरे मानले जाईल. तेव्हा आपल्या गावांची आणि माणसांची नावे, निदान आपण आहोत तोवर, शुद्ध छापून ठेवू या.